बदकाचा पाडाव आणि किटलीची फत्ते

टेम्समाईस वंदन करून, आणि तिचे दक्षिण तीरी कातडी कमावण्याचे कारखाने बहुत म्हणोन एका हाताने नाक धरून, बर्मंडसी परगण्याचे वर्तमान लिहिण्यास आरंभ केला असे. महाराणी व्हिक्टोरिया यांची अमदानी, धुके इतके दाट की मनुष्याने आपल्याच हातातील बियरचा पेला चाचपून शोधावा, ऐशा समयी 'सुवर्ण गेंडा' नामे गानशाळेत, म्हणजे लोक बियर पीत गाणी ऐकती ऐशा नाटकशाळेत, जो संग्राम जाहला, त्याची खबर आजवर ज्याने त्याने आपापल्या मर्जीने सांगितली, आणि जो सांगे तो म्हणे की मी पुढल्याच बाकावर होतो. इतकी माणसे खरोखर पुढल्या बाकावर असती तर बाक मोडून तळघरात जाता. याकरिता सर्वांचे ऐकून, पटले ते घेऊन, आणि न पटले तेही टाकवेना म्हणोन घेऊन, ही हकीकत सादर केली आहे.

तर टिलीबाई टर्पिन, किताब 'चिमुकली टिली', यांचे घराणे मोठे. तीर्थरूप रंगमंचावर आग गिळीत आणि मातोश्री लाकडी बुटांचा नाच करीत. मातोश्रींचा एक नाच होऊन दुसरा व्हायचा, त्या मधल्या वेळात कपड्यांच्या पेटाऱ्यात टिलीबाईंचा जन्म जाहला, आणि दुसरा नाच किंचित उशिरा, परंतु जाहला. बाई पाच वर्षांच्या होताच बियरच्या पिंपावर उभ्या राहून 'पाद्रीबुवांच्या छत्रीत कोण' हे गाणे म्हणत्या जाहल्या आणि डेप्टफर्ड सर केले. मग 'माझा नवरा सर्कशीत वाघ आहे' हे गाणे घेऊन व्हाइटचॅपलवर चालून गेल्या आणि तेही घेतले. मग 'खाटीकदादा, असे बघू नका' या गाण्याने लँबेथ पडले, आणि तेथील न्यायाधीशांनी गाणे अश्लील आहे की काय याची खातरजमा करण्याकरिता ते वारंवार ऐकले. हॅकनीत मात्र 'मामींच्या मिश्या' म्हणताना मिश्या असलेल्या एक मामी समोरच बसलेल्या निघाल्या, आणि बाईंना मागील दाराने कूच करावे लागले. शिकस्त म्हणावी ती एवढीच.

आणि मग बदक आले.

'बाबा, बदक हसतंय बघा' ऐसे त्या गाण्याचे नाव. आखूड झगा, वर पांढरे झबले, सोनेरी कुरळ्या केसांचा टोप, टोपावर फुलकोबीएवढी फीत, काखेत पेंढा भरलेले बदक, आणि बाई झोपाळ्यावर बसून वरून अवतरत. या एका गाण्याने अवघे लंडन पादाक्रांत जाहले. एका संध्याकाळी चार चार गानशाळांत हेच गाणे म्हणावयाचे म्हणोन बाई झबल्यासकट घोडागाडीत बसून या शाळेतून त्या शाळेत दौडत, बदक खिडकीतून मुंडके बाहेर काढून असे, आणि नाक्यावरचे शिपाई बाईंना नव्हे तर बदकाला सलाम करीत. ऐशी वीस वर्षे गेली.

पुढे बाईंना एकोणपन्नासावे लागले. अंगाची जहागीर चांगलीच वाढली. झोपाळ्याची दोरी कुरकुरू लागली म्हणोन गोदीतून जहाज बांधण्याचा दोर आणविला, आणि ओढण्यास पूर्वी एक गडी असे तेथे चार लागले. एके दिवशी चौघांपैकी एकास शिंक आली, आणि खासा स्वारी झोपाळ्यासह दिव्यांची रांग ओलांडून वाजंत्र्यांत उतरली, ती थेट मोठे तंतुवाद्य वाजविणाराच्या मांडीवर. वाद्याचे दोन तुकडे जाहले. वाजविणारा वाचला, परंतु पुढे बदक म्हटले की दचके. खुद्द बदकास कसर लागली होती आणि त्याचा एक काचेचा डोळा गिऱ्हाइकांकडे तर दुसरा दारूच्या गुत्त्याकडे पाही.

तशात बाईंचे यजमान दोरीवरून चालणाऱ्या एका बाईबरोबर परागंदा जाहले, आणि वरच्या खोलीतला भाडोत्रीही लगोलग निघून गेला. बाई स्वयंपाकघरात एकट्या बसल्या, चुलीवर किटली शिटी घालू लागली, आणि बाईंनी तेथेच आपले स्वतःचे, आपल्या वयाचे, उभ्या जन्मातले पहिले गाणे रचिले, ते येणेप्रमाणे:

किटली माझी गाते, गं, किटली माझी गाते,
नवरा गेला, भाडोत्री गेला, किटली मात्र राहते!
घरात तुझ्या कोण म्हणून पुसशील तर सांगते,
किटली माझी गाते, गं, किटली माझी गाते!

हे गाणे काळा साटिनचा झगा घालून, आपल्या खऱ्या केसांनी, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून म्हणावे, ऐसा बाईंनी निश्चय केला आणि 'सुवर्ण गेंड्या'चे मालक ओबाडाया पिल्चर यांचे हुजुरात अर्ज गुदरला. पिल्चरसाहेब म्हणजे अंगावर चिरूटाची राख आणि मनात सदैव धास्ती.

"टिलीबाई, तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात तरी लोकांना बदक दिसतं. त्याला मी काय करू?"

"पिल्चरसाहेब, मला एकोणपन्नासावं लागलंय. खोटं वाटत असेल तर झोपाळ्याला विचारा."

"अहो, पण गॅलरीला कोण विचारणार?"

येथे गॅलरीचा मजकूर लिहिणे प्राप्त आहे. छताखालच्या स्वस्त बाकांवर बाजारातले भाजीवाले, गोदीतले हमाल आणि कातडीवाले यांची फौज बसे, आणि त्या फौजेने धृपद उचलून म्हटले तरच गाणे, न म्हटले तर ते गाणे नव्हेच, ऐसा तेथील कायदा. या फौजेचे सरलष्कर मॉग्ज टॅपली, कोबीवाले. आवाज ऐसा की बाजारात त्यांनी 'कोबी' म्हटले की नदीपलीकडल्या बायका पिशव्या उचलीत, आणि नेम ऐसा की न आवडलेल्या गवयाच्या उघड्या तोंडात संत्र्याचे साल अचूक जाई.

पिल्चरसाहेबांनी भीत भीत परवानगी दिली, आणि बाई काळा साटिन घालून पहिल्या स्वारीस निघाल्या. रंगमंचाखाली मेजाशी अध्यक्ष सेप्टिमस गज बसत. गवई मागे आणि लोक पुढे, म्हणोन आरशात पाहून रंगमंचावर नजर ठेवणे आणि लाकडी हातोडा आपटून प्रत्येक गवयाची बिरुदावली गाणे हे त्यांचे वतन. त्यांनी हातोडा आपटून बाईंची नांदी केली, आणि बाई पुढे आल्या.

"कोण मेलं?" टॅपलींनी वरून पुसले. "काळे कपडे कशाला?"

"नवं गाणं आहे, मॉग्ज!" बाई खालून ओरडल्या.

"नवं? ए टिले, बदक कुठाय?"

मग सारी गॅलरी पाय आपटीत "बदक! बदक!" ऐसा गजर करू लागली, आणि वाजंत्री फितूर होऊन, कोणाचा हुकूम नसता, आपण होऊन बदकाची चाल वाजवू लागले. बाईंनी किटली रेटली, परंतु किटलीचे शब्द बदकाच्या चालीत ऐसे गुंतले की बाबा शिटी घालू लागले आणि किटली हसू लागली. वर गॅलरीत एक शब्दही धड पोहोचला नाही, आणि बाई मागे फिरल्या.

मग दुसऱ्या स्वारीची तजवीज जाहली. बाईंची पोशाखवाली गर्टी मज, जी दिवसा बाजारात रसात थिजवलेल्या वामी, म्हणजे सापासारखे लांब मासे, विकी आणि संध्याकाळी बाईंच्या झग्याची बटणे लावी, तिने मसलत दिली की गॅलरीस उकडलेले डुकराचे पाय फुकट वाटावे, म्हणजे तोंडे भरलेली राहतील आणि बदक म्हणावयास जीभ मोकळी सापडणार नाही. मसलत चोख होती. परंतु पाय खाऊन हाडे उरतात हा विचार राहिला, आणि बाईंनी आपल्याच खर्चाने शत्रूच्या तोफखान्यास दारूगोळा पुरविला ऐसे जाहले. गाण्याचा पहिला शब्द होतो न होतो तों हाडांचा वर्षाव सुरू जाहला, आणि त्यातला एक अर्धा खाल्लेला पाय मोठ्या पितळी तुतारीच्या तोंडात जाऊन बसला. तुतारीवाला जिद्दीचा. आवाज निघेना म्हणोन त्याने छाती भरून फुंकर मारिली, आणि तो पाय तोफेच्या गोळ्यासारखा सुटून थेट वरच्या कोनाड्यात, जेथे मालकांची खास बैठक असे, पिल्चरसाहेबांच्या टोपीवर पडला आणि टोपी नाकापर्यंत उतरली.

टोपीच्या आतूनच हुकूम आला, तो येणेप्रमाणे: येत्या शनिवारी अखेरची संधी दिली जाईल. गॅलरीने किटलीचे धृपद उचलले तर बदक कायमचे माफ. न उचलले तर टिली टर्पिन यांनी झबले, टोप, झोपाळा आणि बदक यांसह आणखी सात वर्षे चाकरी करावी आणि नव्या गाण्याचे नाव काढू नये. बाईंनी मनात हिशेब केला. सात वर्षांनी वय छप्पन्न. छप्पन्नाव्या वर्षी झबले. बाईंनी करारावर सही केली.

दुसऱ्या दिवशी बाई गर्टीच्या वामीच्या गाड्यावर वाडगा घेऊन बसल्या आणि संतापाने, वामीचा एक एक तुकडा चावीत, किटलीची चाल गुणगुणू लागल्या. शेजारी धुणी धुणाऱ्या स्प्रॅगआजी उभ्या होत्या.

"अगं बाई, हे गाणं! आमचे हे नेहमी म्हणायचे."

बाईंनी वाडगा खाली ठेविला. "कोणतं गाणं, आजी?"

"किटलीचं गं. जुनं आहे ते. तुला कुठून माहीत असायला!"

बाई 'हे गाणं माझं आहे' ऐसे म्हणणार, तों गर्टीने गाड्याखालून बाईंच्या पायावर आपला पाय दिला.

मग पलीकडे वाम खात उभा असलेला गोदीतला हमाल म्हणाला, "तुमचे हे कसले, आजी? माझा आजा म्हणायचा ते. गलबतावर शिकला होता."

"तुझा आजा? त्याला धड शिंकताही येत नव्हतं!"

"आज्यावर जायचं नाही हां, सांगून ठेवतो!"

दोघे हातघाईवर आले आणि बाईंच्या डोक्यात लख्ख उजाडले. बर्मंडसीचा मनुष्य खिसा रिकामा आहे हे कबूल करील, बायको पळाली हे कबूल करील, तुरुंगात होतो हेही अभिमानाने सांगेल, परंतु 'हे गाणे मला ठाऊक नाही' ऐसे आजवर त्या परगण्यात कोणी म्हटले नाही आणि पुढेही म्हणणार नाही. गॅलरीस जुनेच पाहिजे. तर मग किटली शनिवारच्या आत जुनी केली पाहिजे.

"गर्टी, पाय काढ," बाई म्हणाल्या. "आणि जोरात गा."

मग मोहीम ऐशी चालली. गर्टी वाम कापताना गाई, आणि चाकूला धार लावणारा ऐकून पुढल्या गल्लीत नेई, आणि दूधवाली त्याचे ऐकून प्रत्येक उंबऱ्यावर ठेवून येई. कोणी पुसले की हे काय गातेस, तर तिने केवळ इतके म्हणावे, "अय्या, ठाऊक नाही तुम्हाला?" या एका प्रश्नापुढे मोठमोठे शिलेदार गारद जाहले. गाणे जसजसे पुढे सरके तसतसे त्याचे वय वाढे. कातडीच्या कारखान्यात ते बापाच्या काळचे होते, गोदीत पोहोचले तों आज्याचे जाहले. गुत्त्यात एकाने शपथेवर सांगितले की वॉटर्लूच्या लढाईत हेच गाणे म्हणत चढाई केली. न्हाव्याच्या दुकानात तर चार्ल्स राजाचा शिरच्छेद जाहला ते समयी जमलेली रयत हेच गुणगुणत होती, ऐसे कळले.

त्याच दुकानात टॅपली साबण फासून बसले होते, आणि गाणे प्रथम कानी पडत होते.

"मॉग्ज, हे ठाऊक असेलच तुला?" न्हावी म्हणाला.

"मला विचारतोस? पाळण्यात ऐकलंय मी."

"मग म्हण की पुढचं."

टॅपली कोंडीत सापडले. परंतु सरलष्कर ते. त्यांनी घसा साफ केला आणि ठोकून दिले, "नवरा गेला, बोकड गेला, किटली मात्र राहते!"

"बोकड? मी तर भाडोत्री ऐकलं होतं."

"कोवळी पोरं भाडोत्री म्हणतात. खरं बोकड आहे."

दुकानातल्या सर्वांनी तत्काळ मान डोलाविली की होय, बोकडच, आम्हांस आठवते. आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या परगण्यातून भाडोत्री हद्दपार होऊन तेथे बोकड कायम जाहला.

मग शनिवार उजाडला, आणि टिलीबाई ते जुने किटलीचे गाणे म्हणणार ऐशी आवई गर्टीने उठविल्याने गॅलरीत पाय ठेवावयास जागा उरली नाही. बशा नाचविणारा रंगमंचावर आला, तों वरून "किटली! किटली!" ऐसा गजर उठला आणि तो बशांसकट परत गेला. बाई पडद्याआड काळ्या साटिनमध्ये उभ्या राहून ऐकत होत्या, आणि मुखावर हसू होते. सर्व बंदोबस्त चोख जाहला होता. फक्त एक गोष्ट राहिली होती. अध्यक्ष गज यांस या मसलतीची खबर देण्याचे कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

अध्यक्षांनी हातोडा आपटला, ब्रँडीचा घोट घेतला आणि बिरुदावली सुरू केली. "सभ्य स्त्रीपुरुषहो! आणि गॅलरीवाल्यांनो! आता येताहेत सुरांच्या सम्राज्ञी, टेम्सच्या कोकिळा, आपल्या टिली टर्पिन! आणि त्या गाणार आहेत किटलीचं गाणं, जे अगदी नवंकोरं, त्यांनी स्वतः—"

गॅलरीतली सारी डोकी एकदम अध्यक्षांकडे वळली.

"काय म्हणाला तो?" टॅपली सावकाश उभे राहिले. "नवं? बाईनं स्वतः काय केलं?"

त्यांच्या हातात कोबी होता. गॅलरीत जागोजागी हात खिशांकडे आणि पिशव्यांकडे गेले. कोनाड्यात पिल्चरसाहेबांनी टोपी दोन्ही हातांनी धरिली. मागे चार गडी झोपाळ्याच्या दोराशी जाऊन उभे राहिले. बाईंना इतकेच म्हणावयाचे होते की होय, माझे आहे, माझ्या स्वयंपाकघरात रचिले, आणि हे खरे होते, आणि खरे बोलताच सात वर्षे झबले होते. बाई पडदा सारून धावत पुढे आल्या.

"जुनं! जुनं आहे ते!" बाई ओरडल्या. "फार जुनं! अध्यक्षांचा डोळा लागला होता!"

"गजबाबा!" टॅपली गर्जले. "बर्मंडसीत जन्मलास, केस पिकले, आणि तुला किटलीचं गाणं ठाऊक नाही?"

अध्यक्ष पांढरे पडले. तालमीत हे गाणे आपण प्रथमच ऐकिले आणि वा वा, नवे आहे, ऐसे आपणच म्हणालो, हे त्यांस पक्के स्मरत होते. परंतु अवघी गॅलरी वाकून पाहत होती, आणि अध्यक्षही त्याच मातीचे.

"ठाऊक नाही कसं?" ते हातोडा आपटून म्हणाले. "माझ्या आजीच्या लग्नात मीच म्हटलं होतं!"

गॅलरीने या उत्तराने संतुष्ट होऊन कोबी खाली ठेविले, आणि आजीच्या लग्नाचा हिशेब कोणी केला नाही.

मग वाजंत्र्यांनी किटलीची चाल धरिली, या खेपेस इमानाने, आणि बाईंनी दोन्ही पाय जमिनीवर रोवून, आपल्या खऱ्या आवाजात, रिकाम्या घराचे कडवे म्हटले. आणि धृपद आले, तों गॅलरीने ते बाईंच्या तोंडातून असे उचलले की छताची धूळ खालच्या मंडळींच्या बियरमध्ये पडली आणि तीही कोणी न बघता प्यायली. बाई म्हणाल्या, "नवरा गेला, भाडोत्री गेला—"

"थांब!" वरून आवाज आला. "थांब, थांब! चुकलीस!"

वाजंत्री थांबले. बाई वर पाहू लागल्या.

"बोकड!" टॅपली म्हणाले. "नवरा गेला, बोकड गेला. नीट म्हण."

बाईंच्या घरी बोकड कधीच नव्हता. भाडोत्री होता, त्याला लोणच्याची आवड होती, आणि तो न सांगता गेला होता. बाईंनी वाजंत्र्यांस खूण केली.

"बोकड गेला," बाईंनी म्हटले.

आणि मग जो कल्लोळ जाहला तो लिहिता येत नाही. धृपद पुन्हा पुन्हा म्हणविले. हमाल कातडीवाल्यांच्या गळ्यात पडून रडले, प्रत्येकास आपापला बोकड आठवला. अध्यक्षांनी हातोडा आपटता आपटता त्याचा दांडा मोडिला, आणि पिल्चरसाहेबांनी भर कोनाड्यात टोपी काढून मुजरा केला. झोपाळ्याचा दोर गोदीत परत गेला. झबले फाडून दिवे पुसावयास दिले. बदकास मालकांनी गुत्त्यातील फळीवर, बाटल्यांच्या रांगेत, सन्मानाने पेन्शन दिली.

खेळ आटोपल्यावर बाई मागील दाराने बाहेर आल्या, तों टॅपली कोबी काखेत मारून वाट पाहत उभे होते.

"टिले, गळा बरा आहे तुझा," ते म्हणाले. "पण जुन्या गाण्याला हात घालायचा तर आधी चार मोठ्या माणसांना विचारावं. भाडोत्री म्हणे! कुठून शिकलीस हे?"

बाई म्हणाल्या, "असंच, कुठंतरी कानावर पडलं."

"तेच म्हणतो मी. लहान आहेस अजून."

"चुकलं, काका," बाई म्हणाल्या. "पुन्हा नाही होणार."

काकांचे वय त्या समयी बत्तीस. त्यांनी बाईंच्या डोक्यावरून हात फिरविला, कोबी बाईंच्या हाती दिला आणि किटली गात घराकडे कूच केले. येणेप्रमाणे बदकाचा पाडाव होऊन किटलीची फत्ते जाहली. आणि गाणे कोणी रचिले याविषयी परगण्यात बहुत मते आहेत, त्यांत टिलीबाईंचे नाव कोणी घेत नाही, आणि बाईंस विचारिले असता त्या ताठ उभ्या राहून सांगत की गाणे फार पुरातन आहे, ऐसे येथे दाखल केले असे.